एन्क्रिप्टेड लिनक्स डिस्क आणि तिला उघडणारी छोटी बूट इमेज

लॅपटॉप चोरीला गेला की त्याच्या किमतीपेक्षा आतल्या डेटाचा घोर जास्त लागतो. बँकेची स्टेटमेंट्स, आधारचे स्कॅन, घरच्यांचे फोटो, ऑफिसच्या फाइल्स. लॉगिनचा पासवर्ड इथे काही कामाचा नाही, कारण डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं सरळ वाचता येतं. म्हणून लिनक्स टाकताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या सगळ्या प्रकारांच्या इन्स्टॉलरमध्ये ती सोय आहे.

सोय वापरणारे पुष्कळ आहेत, पण आत काय घडतं हे फार थोड्यांना माहीत असतं. मग एखाद्या दिवशी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट होतो, मशीन रीस्टार्ट होतं आणि पासवर्ड विचारण्याऐवजी काळ्या स्क्रीनवर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर दिसतो. डेटा गेला असं वाटून हातपाय गळतात. डेटा बहुतेक वेळा सुखरूप असतो. बिघडलेली असते ती डिस्क उघडणारी एक छोटी फाइल. ती कशी बनते, तिच्यात काय असावं लागतं आणि ती तपासायची कशी, एवढं कळलं तर हा प्रसंग दहा मिनिटांत निस्तरता येतो.

पेच कुठे आहे

मशीन सुरू केलं की आधी फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या अंगचा प्रोग्राम, जागं होतं, ते ग्रबसारखा बूटलोडर चालवतं आणि बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो. कर्नलला आता रूट फाइल सिस्टिम हवी असते, म्हणजे ज्या पार्टिशनवर सगळे प्रोग्राम, सेटिंग्ज आणि होम फोल्डर आहेत ते. आपण तेच पार्टिशन एन्क्रिप्ट केलेलं आहे. ते उघडणारा प्रोग्राम म्हणजे क्रिप्टसेटअप, आणि तो त्याच पार्टिशनच्या आत आहे.

कर्नलनेच पासवर्ड विचारून डिस्क का उघडू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. कर्नलमध्ये डीएम-क्रिप्ट नावाचा भाग २००४ पासून, म्हणजे २.६.४ या आवृत्तीपासून आहे. प्रत्यक्ष एन्क्रिप्शन आणि डिक्रिप्शन तोच करतो. पण त्याला तयार माहिती हातात द्यावी लागते: अमुक सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत), अमुक किल्ली, अमुक सेक्टरपासून पुढे. ही किल्ली कुठून आणायची, हे त्याला ठाऊक नसतं. ती माहिती पार्टिशनच्या सुरुवातीला ‘लक्स’ या डिस्क-एन्क्रिप्शनच्या मांडणीच्या हेडरमध्ये असते, आणि हेडर वाचण्याचं काम कर्नलच्या बाहेरचा प्रोग्राम करतो.

या हेडरची रचना समजून घेण्यासारखी आहे. आपण टाइप करतो तो पासवर्ड डेटा एन्क्रिप्ट करत नाही. डेटा एन्क्रिप्ट होतो एका यादृच्छिक मोठ्या किल्लीने, जी डिस्क पहिल्यांदा तयार करताना एकदाच बनते. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती ५१२ बिटांची असते. ही किल्ली हेडरमधल्या स्लॉटमध्ये आपल्या पासवर्डने एन्क्रिप्ट करून ठेवलेली असते. म्हणूनच पासवर्ड बदलायला क्षणभर पुरतो, पूर्ण डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही, आणि एकाच डिस्कला वेगवेगळे पासवर्ड ठेवता येतात. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत असे ८ स्लॉट होते, दुसरीत ३२ पर्यंत ठेवता येतात. क्रिप्टसेटअप २.१ पासून, म्हणजे २०१९ पासून, नवी डिस्क आपोआप लक्स २ मध्ये बनते.

पासवर्डपासून स्लॉट उघडताना मुद्दाम वेळखाऊ गणित करावं लागतं. लक्स २ मध्ये त्यासाठी आर्गॉन२ वापरतात; २०१५ साली पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत हीच पद्धत पहिली आली होती. ती वेळेबरोबर भरपूर रॅमही खाते, त्यामुळे चोराला ग्राफिक कार्डांची फौज लावून लाखो पासवर्ड झटपट तपासता येत नाहीत. एंटर दाबल्यावर मशीन एक-दोन सेकंद थबकतं, ते यामुळे. ते थबकणं आपल्याच भल्याचं आहे.

रॅममध्ये उभी राहणारी चिमुकली सिस्टिम

खरं रूट उघडेपर्यंत कर्नलला एक तात्पुरतं रूट द्यायचं, हा या पेचावरचा लिनक्सचा तोडगा. या तात्पुरत्या रूटला इनिटरॅमएफएस म्हणतात. डेबियनमध्ये बूट फोल्डर उघडून पाहिलंत तर कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीसोबत ‘इनिटआरडी डॉट आयएमजी’ने सुरू होणारी एक फाइल दिसेल, तीच ही. नाव जुन्या पद्धतीतलं राहून गेलंय. पूर्वी खरोखर रॅम डिस्कची इमेज असायची, आता आत सीपीआयओ नावाचं साधं आर्काइव्ह असतं, झिपसारखं दाबून लहान केलेलं. आकार काही दहा एमबींच्या घरात.

बूटलोडर कर्नलबरोबर ही फाइलही मेमरीत ठेवतो. कर्नल ती रॅममध्ये उलगडतो आणि आतली ‘इनिट’ नावाची फाइल चालवतो. डेबियनच्या नेहमीच्या इमेजमध्ये ही इनिट म्हणजे चक्क शेल स्क्रिप्ट आहे, कुणीही उघडून वाचावी अशी. जरूर वाचा, बूट होणं म्हणजे काहीतरी गूढ आहे ही समजूत तिथेच गळून पडते. ती ड्रायव्हर लोड करते, डिस्क दिसायची वाट पाहते, क्रिप्टसेटअपमार्फत पासवर्ड विचारते, उघडलेलं पार्टिशन माउंट करते, म्हणजे फोल्डरसारखं जोडून घेते. शेवटी रॅममधला सगळा तात्पुरता पसारा पुसून खऱ्या रूटमधल्या सिस्टिमडी या उरलेली सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या हाती कारभार सोपवते.

इनिटरॅमएफएस म्हणजे प्रवासाला निघताना बांधून घेतलेली शिदोरी आहे, आणि या वाटेवर एकही दुकान नाही. जे बांधलं नाही ते मिळणार नाही, कारण उरलेलं सगळं कुलूपबंद डिस्कच्या आत आहे. एन्क्रिप्टेड रूट बूट न होण्याची मी पाहिलेली बहुतेक कारणं याच एका वाक्यात बसतात: काहीतरी इमेजमध्ये जायचं राहून गेलं.

काय काय भरावं लागतं

क्रिप्टसेटअप आणि त्याच्या लायब्ररी लागतात, हे उघड आहे. डीएम-क्रिप्ट मॉड्यूल (कर्नलला हवं तेव्हा जोडता येणारा तुकडा), एईएस आणि एक्सटीएस या एन्क्रिप्शन पद्धतींची मॉड्यूल्स, डिस्क ज्यावर आहे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर (हल्ली बहुधा एनव्हीएमई), फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर, आणि आत एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी सोय) असेल तर त्याचीही साधनं. ही यादी इमेज बांधणारी साधनं स्वतःच करतात आणि सहसा बरोबर करतात.

विसरला जातो तो कीबोर्ड. पासवर्ड टाइप करायचा तर कीबोर्डचा ड्रायव्हरही इमेजमध्येच हवा. जुन्या लॅपटॉपमध्ये याची फिकीर नव्हती. आता काही लॅपटॉपचे अंगचे कीबोर्ड आयटूसी किंवा एसपीआय या प्रकारच्या जोडणीवर असतात आणि त्यांना वेगळी मॉड्यूल्स लागतात. इमेज लहान राहावी म्हणून काही साधनं ‘आत्ता या मशीनवर जे दिसतंय तेवढंच भरा’ असं धोरण ठेवतात: आर्च या लिनक्समध्ये ऑटोडिटेक्ट हुक (हुक म्हणजे इमेजमध्ये काय भरायचं ते ठरवणारा भाग), फेडोराकडच्या ड्रॅकट या साधनात होस्टओन्ली, डेबियनमध्ये मॉड्यूल्सची सेटिंग ‘मोस्ट’वरून ‘डेप’ केली तर. इमेज बनवताना यूएसबी कीबोर्ड जोडलेला नसेल आणि उद्या त्याच कीबोर्डवरून पासवर्ड टाकायचा असेल, तर प्रश्न स्क्रीनवर येतो आणि उत्तर टाइप होत नाही. आर्च वापरणाऱ्यांनी म्हणूनच हुकांच्या ओळीत कीबोर्ड हा हुक ऑटोडिटेक्टच्या आधी ठेवावा; मग सगळ्या प्रकारच्या कीबोर्डची मॉड्यूल्स आत जातात.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी इथे जरा जास्त जपायला हवं. डेस्कटॉपवर इनस्क्रिप्ट चालू ठेवून देवनागरीत पासफ्रेज (लांब पासवर्ड) ठेवता येतो, क्रिप्टसेटअप तक्रार करत नाही, त्याच्या लेखी ते नुसते बाइट असतात. पण बूटच्या वेळी समोर असतो तो साधा कन्सोल, म्हणजे नुसत्या मजकुराचा स्क्रीन. त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात, जोडाक्षरं जुळवण्याची सोय नाही आणि इनस्क्रिप्टचा लेआउटही तिथे नसतो. तुमचा अचूक पासफ्रेज तुम्हालाच टाइप करता येणार नाही. मराठी लेआउट चालू राहिला तर आकडेही देवनागरी पडू शकतात, आणि पासवर्ड ठिपक्यांत दिसत असल्यामुळे ते लक्षात येत नाही. तेव्हा पासफ्रेज इंग्रजी कीबोर्डवरच्या साध्या अक्षरांतच ठेवा. शब्द मात्र खुशाल मराठी घ्या: एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द रोमन अक्षरांत लिहिले तर लक्षात राहतात आणि पुरेसे लांबही होतात. म्हण किंवा अभंगाची ओळ घेऊ नका, त्या अंदाजाने सापडतात.

डेबियनवर प्रत्यक्ष

समजा एनव्हीएमई डिस्कवर तीन पार्टिशन आहेत. पहिलं ईएफआयचं (फर्मवेअर वाचतं ते), दुसरं बूटचं आणि तिसरं एन्क्रिप्टेड रूट. बूट उघडं आहे, कारण कर्नल आणि इमेज तिथूनच वाचली जाणार. डेबियन १० पासून इमेजमध्ये क्रिप्टसेटअप भरणारा भाग ‘क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस’ या वेगळ्या पॅकेजमध्ये आहे. इन्स्टॉलरने एन्क्रिप्शन केलं असेल तर ते असतंच, हाताने सगळं उभं करणाऱ्यांनी आठवणीने टाकावं. (पुढच्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायच्या.)

सगळ्याचं मूळ एटसी फोल्डरमधल्या ‘क्रिप्टटॅब’ या फाइलमध्ये आहे. तिच्यात दर डिस्कला एक ओळ आणि ओळीत चार रकाने. उघडल्यावर डिस्कला द्यायचं नाव, मूळ पार्टिशन, किल्लीची फाइल (पासवर्ड विचारायचा असेल तर ‘नन’) आणि पर्याय, ज्यात ‘लक्स’ हा शब्द असतो.

दुसऱ्या रकान्यात पार्टिशन यूयूआयडीने, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाने, लिहायचं असतं आणि लोक हमखास इथेच घसरतात. एन्क्रिप्टेड पार्टिशनला दोन यूयूआयडी दिसतात: एक लक्स हेडरचा, दुसरा आतल्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमचा. क्रिप्टटॅबमध्ये बाहेरचा हवा. ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा दिली की ज्या ओळीत प्रकार ‘क्रिप्टो लक्स’ असा लिहिलेला असतो, त्या ओळीतला यूयूआयडी घ्यायचा. आतला यूयूआयडी जातो एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठे माउंट करायचं त्या यादीत. यांची अदलाबदल झाली तर सिस्टिम अशा पार्टिशनची वाट पाहत बसते, जे डिस्क उघडल्याशिवाय दिसणारच नाही.

फाइल नीट झाली की ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ ही आज्ञा. ती सगळ्या कर्नलच्या इमेज नव्याने बांधते. तिचा आउटपुट नजरेखालून घाला. ‘क्रिप्टसेटअप’ने सुरू होणारी वॉर्निंग असेल, विशेषतः रूट डिव्हाइस ठरवता आलं नाही किंवा अमुक नाव क्रिप्टटॅबमध्ये सापडलं नाही अशी, तर रीस्टार्ट करू नका.

आणि वॉर्निंग नसली तरी इमेज उघडून बघा. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ला इमेजचा पत्ता द्या आणि आउटपुट ‘ग्रेप क्रिप्ट’मधून काढा, म्हणजे ‘क्रिप्ट’ असलेल्याच ओळी उरतील. चार गोष्टी दिसायला हव्यात: क्रिप्टसेटअपचा प्रोग्राम, डीएम-क्रिप्टचं मॉड्यूल, ‘लोकल-टॉप’ फोल्डरमधली क्रिप्टरूट ही स्क्रिप्ट, आणि ‘क्रिप्टरूट’ फोल्डरमधली क्रिप्टटॅब. ही चौथी फार बोलकी आहे. मूळ क्रिप्टटॅबमधल्या ज्या ओळी रूटसाठी लागणार असं साधनाला वाटलं, तेवढ्याच इथे उतरतात. ‘अनएमकेइनिटरॅमएफएस’ने इमेज एखाद्या रिकाम्या फोल्डरात सोडवा आणि ती फाइल ‘कॅट’ या आज्ञेने वाचा. ती रिकामी असेल तर बूटच्या वेळी पासवर्ड कुणी विचारणारच नाही, हे रीस्टार्ट करण्याआधीच कळतं. दोन मिनिटांचं हे काम आहे. क्रिप्टटॅबला हात लावल्यावर मी ते केल्याशिवाय मशीन बंद करत नाही.

लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून, दुरुस्ती करताना आणखी एक सापळा असतो. तिथे फाइल मॅनेजरमधून डिस्कवर क्लिक करून ती उघडली तर तिला ‘लक्स-’ आणि पुढे यूयूआयडी असं लांबलचक नाव मिळतं. क्रिप्टटॅबमध्ये नाव वेगळं असतं. मग क्रूटमध्ये (डिस्कवरच्या सिस्टिमलाच रूट मानणाऱ्या शेलमध्ये) शिरून इमेज बांधली की साधनाला या दोन्हींचा मेळ लागत नाही आणि डिस्कची ओळ वगळली जाते. म्हणून टर्मिनलमधून ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने डिस्क उघडताना क्रिप्टटॅबमधलंच नाव द्यायचं, आणि क्रूटआधी बूट पार्टिशन, डेव्ह, प्रॉक, सिस हे सगळं माउंट करायचं. बूट माउंट करायचं राहिलं तर नवी इमेज भलत्याच जागी लिहिली जाते आणि मशीन जुनीच वापरत राहतं.

बूट पार्टिशनमध्ये जागाही ठेवा. ग्राफिक कार्डांच्या फर्मवेअरमुळे इमेज फुगत चालल्या आहेत. जागा संपली की इमेज अर्धवट लिहिली जाते, आणि तसंच रीस्टार्ट केलं तर तो कर्नल बूट होत नाही. जुने कर्नल ‘ऑटोरिमूव्ह’ने काढत राहा, पण चालणारा एक मागचा कर्नल त्याच्या इमेजसकट कायम राहू द्या. ग्रबच्या मेनूतून तो निवडता येतो.

आर्चवर तेच काम एमकेइनिटसीपीआयओ करतं. तिथे ‘एन्क्रिप्ट’ हुक ‘ब्लॉक’नंतर आणि ‘फाइलसिस्टम्स’च्या आधी यावा लागतो, शिवाय कोणतं पार्टिशन उघडायचं हे कर्नलच्या पॅरामीटरमध्ये ‘क्रिप्टडिव्हाइस’ने सांगावं लागतं. हुक ‘एसडी-एन्क्रिप्ट’ असेल तर पॅरामीटर ‘आरडी डॉट लक्स’ने सुरू होणारे हवेत. जुन्या हुकला नवे पॅरामीटर किंवा उलट दिलं तर ते सरळ दुर्लक्षित होतात. फेडोरावर ड्रॅकट आहे, आणि ‘एलएसइनिटआरडी’ने आतलं पाहता येतं.

प्रॉम्प्टवर अडकल्यावर

आता तो काळा स्क्रीन. तुम्ही इमेजमधल्या बिझीबॉक्स या साधनाच्या छोट्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा देण्याच्या जागी, आहात आणि इथूनही डिस्क उघडता येते. आधी ‘एलएस’ने डेव्ह फोल्डरमध्ये एनव्हीएमईची नावं दिसतात का बघा. दिसत नसतील तर कंट्रोलरचा ड्रायव्हर आत नाही, किंवा फर्मवेअरमध्ये कुणीतरी स्टोरेजचा मोड बदललाय. दिसत असतील तर क्रिप्टरूटमधली क्रिप्टटॅब कॅट करा. ती चुकीची किंवा रिकामी असली तरी क्रिप्टसेटअप हजर असेल तर हाताने ‘क्रिप्टसेटअप ओपन’, पुढे पार्टिशन, पुढे क्रिप्टटॅबमधलं नाव. पासवर्ड द्या. एलव्हीएम असेल तर ‘एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय’. मग नुसतं ‘एक्झिट’. स्क्रिप्ट जिथे थांबली होती तिथून पुढे जाते, रूट सापडतं आणि नेहमीचा लॉगिन समोर येतो. आत गेल्यावर लगेच क्रिप्टटॅब दुरुस्त करून इमेज पुन्हा बांधायची. क्रिप्टसेटअपच सापडत नसेल तर मागचा कर्नल, तोही नसेल तर लाइव्ह यूएसबी.

इमेज स्वतः मात्र उघड्यावर

डिस्क कितीही पक्की असली तरी तिचा पासवर्ड विचारणारी इमेज एन्क्रिप्ट न केलेल्या पार्टिशनवर पडून असते. लॅपटॉप काही मिनिटं कुणाच्या हाती लागला तर तो ती सोडवून, पासवर्ड चोरून ठेवणारी ओळ घालून, पुन्हा बांधून ठेवू शकतो. सुरक्षा संशोधक जोआना रुत्कोव्स्का यांनी २००९ मध्ये ट्रूक्रिप्ट या डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्रामवर असं प्रात्यक्षिक दाखवलं, आणि हा हल्ला ‘ईव्हिल मेड’ या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१६ मध्ये एक्तोर मार्को आणि इस्माएल रिपोल या संशोधकांनी डेबियनच्या क्रिप्टसेटअप स्क्रिप्टमधली त्रुटी उघड केली: पासवर्डच्या प्रश्नावर एंटर सुमारे ७० सेकंद दाबून धरलं की रूट यूजरचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार असलेलं शेल मिळत होतं. डिस्क त्याने उघडत नव्हती, पण बूट पार्टिशनमध्ये हवा तो बदल करायला ते पुरेसं होतं.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला प्रोग्राम बूट होऊ न देणारी फर्मवेअरची सोय, चालू असलं की हा धोका टळतो, असा पुष्कळांचा समज आहे. नेहमीच्या मांडणीत सही तपासली जाते ती बूटलोडरची आणि कर्नलची. इनिटरॅमएफएस तुमच्याच मशीनवर बनते, तिच्यावर कुणाचीच सही नसते आणि ती तपासली जात नाही. माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वात कच्ची जागा हीच आहे.

बूटही एन्क्रिप्ट करून ग्रबलाच पासवर्ड विचारायला लावणं, हा यावरचा जुना उपाय. ग्रबला २.०६ आवृत्तीत लक्स २ समजू लागलं, पण आर्गॉन२ नव्हे. जुन्या पीबीकेडीएफ२ पद्धतीचा स्लॉट ठेवावा लागला. शिवाय पासवर्ड दोनदा टाकावा लागतो. तो टाळायला काही जण किल्लीची फाइल इमेजमध्ये भरतात. बूट एन्क्रिप्टेड असेल तरच हे करा, आणि तेव्हाही इमेज फक्त रूट यूजरला वाचता यावी म्हणून उमास्क ००७७ ठेवा. बूट उघडं असताना किल्ली इमेजमध्ये ठेवली तर एन्क्रिप्शन केलं न केलं सारखंच.

नवा उपाय मला जास्त पटतो. कर्नल, इनिटरॅमएफएस आणि कर्नलचे पॅरामीटर एकाच ईएफआय फाइलमध्ये बांधायचे आणि त्या अख्ख्या फाइलवर आपली सही करायची. तिला यूकेआय म्हणतात, आणि सिस्टिमडीच्या २५३ आवृत्तीपासून ती बनवायला युकिफाय हे साधन मिळतं. मग इमेजमधला एक बाइट बदलला तरी सिक्युअर बूट तिला अडवतं. जोडीला मशीनमधल्या टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या चिपमध्ये किल्ली बांधता येते. सिस्टिमडी-क्रिप्टएनरोल हे २०२१ पासून करू शकतं. नुसतं टीपीएम ठेवलं तर चोरलेला लॅपटॉपही आपणहून लॉगिनपर्यंत पोचतो, म्हणून पिन लावाच. डेबियनच्या नेहमीच्या इनिटरॅमएफएस-टूल्सला क्रिप्टटॅबमधला हा टीपीएमचा पर्याय कळत नाही. त्यासाठी ड्रॅकट घ्यावं लागतं किंवा क्लेव्हिस या दुसऱ्या साधनाचा मार्ग धरावा लागतो.

टीपीएम जोडल्यावरही पासफ्रेजचा स्लॉट काढू नका. फर्मवेअर किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की टीपीएम किल्ली द्यायला नकार देऊ शकतं आणि तेव्हा पासफ्रेजच लागतो. ‘क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप’ने हेडरची प्रतही काढून ठेवा, कारण हेडर बिघडलं तर बरोबर पासवर्ड असूनही डेटा परत येत नाही. लक्स २ ची ही प्रत साधारण १६ एमबीची होते. ती दुसऱ्या एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर ठेवा आणि पासफ्रेज बदललात की जुनी प्रत पुसून नवी काढा. जुन्या प्रतीतला स्लॉट जुन्या पासफ्रेजने तसाच उघडतो.